नऊ गैरहजर

लुएलाबाईंनी उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. आणि पन्नास वर्षं त्यांनी युद्धाचा अभ्यास केला.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वर्गात. माझा विषय साहित्य. मंगळवारी दुपारी दुसरं काही बसत नव्हतं म्हणून मी त्यांच्या अमेरिकन क्रांतियुद्धाच्या तासाला बसले. पहिल्याच दिवशी एका मुलानं विचारलं, "लढाया कधी सुरू करायच्या?"

"तू कर," बाई म्हणाल्या. "तोवर घरी कोण राहिलं ते आम्ही बघतो."

पदवी मिळाली. नोकरी मिळाली नाही. मी रॉयर्स क्रीक गावच्या किराणा दुकानात चीज आणि सॉसेज कापायला उभी राहिले. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. दर गुरुवारी अर्धा पौंड धुरावलेलं सॉसेज न्यायला यायच्या.

"पातळ काप, यारा," त्या माझं नाव घेऊन म्हणाल्या. "पलीकडचं दिसलं पाहिजे."

"बाई, मग वाऱ्यानं उडून जाईल."

"जाऊ दे. तू दुकान सुटल्यावर ये. काकवीची पाई केलीय. ती खायची आणि इतकी गोड का केली म्हणून मला बोलायचं."

अशी आमची मैत्री झाली. त्या सत्त्याहत्तर, मी चोवीस.

बाईंचं ब्रेनमन घराणं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातलं. शस्त्र धरायचं नाही, सरकारपुढे शपथ घ्यायची नाही. तीनशे वर्षं पेनसिल्व्हेनियाच्या याच मातीत गाई पाळत त्यांनी हे सांभाळलं. बाई अठरा वर्षांच्या असताना त्यांच्या मोठ्या भावाला, मर्विनला, व्हिएतनामचं बोलावणं आलं. त्यानं नाही म्हटलं. सरकारनं त्याला दोन वर्षं इस्पितळात रोग्यांची भांडी धुवायला पाठवलं. एका सकाळी ब्रेनमनांच्या गोठ्याच्या दारावर पिवळा रंग फासलेला होता. पिवळा म्हणजे भित्रा.

वडील म्हणाले, धुऊन टाका आणि गप्प राहा. बाईंनी धुतला. गप्प मात्र राहिल्या नाहीत.

रंग रे ईबीनं फासला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोन वर्षांनी रे स्वतः व्हिएतनामहून पेटीतून परत आला. त्याचा धाकटा भाऊ क्लेटन. तो बाईंच्याच शाळेच्या बसमध्ये असायचा, एक इयत्ता मागे. रेच्या अंत्ययात्रेला बाई गेल्या होत्या. मागच्या बाकावर बसल्या. कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

"तेव्हाच ठरवलं," त्या मला म्हणाल्या. "भित्रा कोण ते एकदा कागदावर बघायचं."

विद्यापीठात मार्गदर्शकांनी समजावलं की मुलीला युद्धावर लिहायचंच असेल तर तिनं परिचारिकांवर लिहावं. "मला रक्त बघवत नाही," बाई म्हणाल्या. परिषदांना गेल्या की लोक विचारायचे, तुमचे यजमान कुठल्या लढाईवर काम करतात?

"अजून सापडले नाहीत," बाई सांगायच्या. लग्न त्यांनी केलंच नाही.

एकोणीसशे बहात्तरच्या जूनच्या पुरात परगण्याच्या कचेरीचं तळघर बुडालं. आत जुने हजेरीपट होते, क्रांतियुद्धाच्या काळातल्या गावसेनेचे. कचेरीतले लोक ते कचऱ्यात टाकायला निघाले होते. बाईंनी ट्रक मागितला, मिळाला नाही. मग त्यांनी प्रेट्झेल या खाऱ्या बिस्किटांच्या कारखान्याची गाडी आणली आणि कारखान्याच्याच जाळ्यांवर एकेक पान वाळवलं. त्या पानांना अजून मिठाचे कण चिकटलेले आहेत. माझ्या बोटांना लागले होते.

त्या कागदांवर पुस्तक लिहायला एकोणीस वर्षं लागली. युद्धाला न गेलेल्या माणसांचं पुस्तक. एका मोठ्या प्राध्यापकानं परीक्षणात लिहिलं की एकही लढाई नसलेला हा पहिलाच युद्धाचा इतिहास असावा. बाईंनी ते कात्रण चौकटीत घालून शेगडीच्या वर टांगलं. बढती तेव्हाही मिळाली नाही. पुढच्या वर्षी मिळाली. पुढची तीस वर्षं, मी शिकले त्याच छोट्या कॉलेजात काढली.

"लढाई दोन तासांची असते," त्या वर्गात म्हणायच्या. "न जाणं सात वर्षं चाललं. रोज सकाळी उठून परत न जायचं."

यंदा देशाला अडीचशे वर्षं झाली. गावानं ठरवलं की क्रांतियुद्धातल्या आपल्या सैनिकांचा दगड उभारायचा. समितीचा अध्यक्ष क्लेटन ईबी. शहात्तर वर्षांचा, सहा फूट, दोन्ही गुडघे बदललेले, डोक्यावर कायम माजी सैनिकाची टोपी. त्यांनी बाईंना समितीवर घेतलं, कारण दुसरा विद्वान गावात नव्हता. समारंभाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर बाईंचं नाव हवं होतं. दगडावरच्या नावांची यादी त्यांना दाखवली ती एप्रिलमध्ये. तोवर दगड कोरायला गेला होता.

बैठक अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये होती. कुणीही बसू शकत होतं, म्हणून मीही गेले. बाईंनी यादी वाचली, चष्मा काढला.

"एकेचाळीस चूक आहे. बत्तीस."

"लुएला, नावं जुन्या पुस्तकातून जशीच्या तशी घेतलीत," क्लेटन म्हणाला.

"तेच तर. त्या पुस्तकवाल्यानं नावं घेतली आणि पुढच्या खुणा सोडल्या."

मग त्यांनी समजावलं. सतराशे सत्त्याहत्तरच्या कायद्यानं हवालदार घरोघर गेला आणि अठरा ते त्रेपन्न वयाच्या प्रत्येक पुरुषाचं नाव हजेरीपटावर चढवलं. इच्छा असो वा नसो. नाव आहे म्हणजे माणूस गेला असं नाही. यातल्या नऊ जणांच्या नावापुढे कवायतीच्या प्रत्येक दिवशी एकच शेरा आहे. गैरहजर. गेल्या शतकात कुणीतरी त्या पटातली नुसती नावं छापली. गावानं ती सैनिक म्हणून वाचली, थडगी शोधली, प्रत्येकावर पितळी तारा ठोकला. तेव्हापासून नव्वद वर्षं दर मे महिन्यात त्या नऊ थडग्यांवर सैनिकाचा झेंडा लागतो.

"ख्रिश्चन ईबीला चौदा वेळा बोलावलं," बाई म्हणाल्या. "चौदा वेळा तो गेला नाही. दंड म्हणून त्याच्या दोन गाई नेल्या. मग घोडा. मग घरातली लोखंडी शेगडी. तेव्हा जानेवारी होता आणि बायको बाळंतीण होती. मग त्याला तुरुंगात टाकलं. तिथूनही तो हो म्हणाला नाही."

क्लेटननं यादी स्वतःकडे ओढली.

"तो माझ्या पणजोबाचा पणजोबा आहे, लुएला. आमच्या घरातून प्रत्येक युद्धाला माणूस गेला. का गेला? त्या थडग्यावर झेंडा होता म्हणून. रे लहानपणी दर वर्षी स्वतःच्या हातानं लावायचा तो."

"माहीत आहे मला."

"मग त्याला काय सांगू आता?"

"त्याला काय सांगायचं ते तू ठरव. दगडावर खोटं कोरू नकोस."

फुलांच्या दुकानवाली मार्लीन गेहमन मध्ये पडली. तिच्याही घराण्याचं एक नाव त्या नवांत होतं. "अगं लुएला, अडीचशे वर्षांत एकदा तर गावाला खूश होऊ दे."

"दगड शंभर वर्षं टिकतो, मार्लीन. तुमची खुशी रविवारपर्यंत."

"तुला नक्की हवंय तरी काय?"

"नऊ नावं वेगळी कोरा. खाली लिहा, यांनी जायला नकार दिला."

"सैनिकांच्या दगडावर?"

"मग काढून टाका. पण त्यांना सैनिक करू नका."

मतं घेतली. बाईंच्या बाजूनं एकच हात वर झाला, त्यांचा स्वतःचा. त्यांनी आपली पिशवी उचलली, पुस्तिकेतून माझं नाव काढा म्हणाल्या, आणि जाताना ताटातले दोन प्रेट्झेल घेऊन गेल्या.

भाऊ मर्विनचा फोन मी बाईंच्या घरी असतानाच आला. तो अजून शेतावर राहतो. बाईंनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, कारण त्या वाटाणे सोलत होत्या.

"लुएला, सोडून दे. आपले लोक जगाच्या भांडणापासून दूर राहतात."

"त्यांना दूर राहू दिलं नाही ना, मर्विन. जिवंतपणी जमलं नाही म्हणून मेल्यावर भरती केलंय त्यांना."

"मेलेल्यांना काय फरक पडतो?"

"तुझ्या गोठ्याचं दार कुणी धुतलं होतं?"

मर्विननं फोन ठेवला.

मे महिन्याअखेर मेमोरियल डेला, म्हणजे मृत सैनिकांच्या स्मरणदिनी, गावची रीत अशी. सकाळी अग्निशमन केंद्रात नाश्ता, मग बँडमागून सगळे स्मशानात जातात. तिथे अध्यक्ष सगळ्या युद्धांतल्या सैनिकांची नावं वाचतो, जुन्या युद्धापासून नव्यापर्यंत. प्रत्येक नावाला त्या घरचं कुणीतरी ‘हजर’ म्हणतं. घरचं कुणी उरलं नसेल तर गाव म्हणतं. त्या एका शब्दासाठी लोक ओहायोहून गाडी चालवत येतात.

बाई घडीची खुर्ची घेऊन मागे बसल्या. मी शेजारी उभी होते. त्या काय करणार आहेत हे मला सांगितलं नव्हतं.

क्लेटन वाचू लागला. जॉर्ज आल्ब्रेख्ट. हजर. हेन्री बेअर. हजर.

"ख्रिश्चन ईबी."

"हजर," क्लेटनची मुलगी शेरी म्हणाली.

"गैरहजर," बाई म्हणाल्या.

वर्गातला आवाज. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. माना वळल्या. क्लेटननं कागदावरून डोळे वर केले, बाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा वाचलं.

"ख्रिश्चन ईबी."

"हजर," शेरी जोरात म्हणाली.

"गैरहजर."

"खाली बसा, म्हातारबाई," कुणीतरी ओरडलं.

"मी बसलेलीच आहे," बाई म्हणाल्या.

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. क्लेटन पुढे गेला. पीटर गेहमनच्या नावाला मार्लीन, तिचे दोन मुलगे आणि सुना एकदम ‘हजर’ म्हणाले. त्यावर बाईंचा एक शब्द. नवांतल्या उरलेल्या सात नावांनाही तेच झालं. बाकी बत्तीस नावांना बाई इतरांबरोबर ‘हजर’ म्हणत होत्या, तितक्याच स्पष्ट. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. व्हिएतनामच्या यादीत रे ईबीचं नाव आलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

मी सुन्न झाले होते. चार वर्षं साहित्य शिकताना मी धैर्यावर बरेच निबंध लिहिले. ते जवळून बघताना इतकी लाज वाटते हे कुठेच वाचलं नव्हतं. मला तिथून निघून जायचं होतं. आपण यांच्याबरोबर नाही असं दिसावं म्हणून मी दोन पावलं बाजूला सरकलेही. बाईंनी ते पाहिलं.

त्यांची टपालपेटी कुणीतरी गाडीनं पाडली. मर्विनच्या चर्चमधून पत्र आलं, नम्र आणि लांबलचक, की असा आवाज चढवणं आपल्याला शोभत नाही. दुकानात एक गिऱ्हाईक हॅम घेता घेता मला म्हणालं, "तुझ्या मैत्रिणीला सांग, या सैनिकांमुळेच तिला बोलता येतंय."

मी बाईंना सांगितलं.

"बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलते."

जूनच्या मध्यावर एका दुपारी क्लेटन आला. आम्ही ओसरीवर बसलो होतो. तो पायऱ्या एकेक करून चढला.

"कॉफी आहे का?"

"थंड आहे."

"चालेल. ही पोरगी इथेच राहणार का?"

"तिला विचार."

मी उठले नाही. त्यानं खुर्ची ओढली, टोपी गुडघ्यावर ठेवली. "दाखव," तो म्हणाला.

बाईंनी पानाची प्रत आणली. मूळ पान आता संग्रहालयात आहे. क्लेटननं नावावर बोट ठेवलं आणि आडवं सरकवत गेला. चौदा खुणांवरून त्याचं बोट गेलं. मग परत मागे आला आणि पुन्हा मोजल्या.

"शेगडी परत मिळाली?"

"नाही."

"आणि ते बाळ?"

"जगलं. तू त्याच्याच वंशाचा."

रस्त्यावरून गवताचा ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत क्लेटन थांबला.

"मला बोलावणं आलं तेव्हा मला जायचं नव्हतं," तो म्हणाला. "रेला जाऊन वर्ष झालं नव्हतं. भरतीला नेणाऱ्या बसमध्ये मी ओकलो. आई म्हणायची, ईबी कधी नाही म्हणत नाहीत."

"म्हणत होते," बाई म्हणाल्या. "आणि ख्रिश्चनला वाकवता आलं नाही कुणाला."

क्लेटनचा चेहरा लाल झाला. "तुला जिंकायचंय म्हणून हे सांगतेस तू मला."

"हो."

"रेनं तुमच्या दारावर रंग मारला त्याचा सूड आहे हा."

"रे एकोणीस वर्षांचा होता आणि मूर्ख होता. त्याचं नाव त्याच्या जागी बरोबर आहे. मी ते कधी खोडायला सांगितलंय का?"

"दगड तयार आहे, लुएला. एकेचाळीस नावं खोल गेलीत त्यात. पुसता येत नाहीत."

"मी कोरणाऱ्याकडे जाऊन डोळ्यांनी बघितलाय. मला काय सांगतोस?"

तो उठला. अर्धी कॉफी तशीच राहिली. कागद मात्र त्यानं घडी करून खिशात घातला. विचारलं नाही. बाईंनी मागितला नाही.

"बाई, त्यांना जरा हळुवारपणे सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "ओकल्याचं सांगत होते ते."

"मग मी त्याला काय द्यायचं? खोटा पणजोबा?" त्यांनी वाटाण्याची शेंग दाबली. "रडायचं असेल तर घरी रडेल. शेरी चांगली आहे."

चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, दगडावरचं कापड काढलं. काळा, गुळगुळीत, माणसापेक्षा उंच. एकेचाळीस नावं. खाली ‘स्वातंत्र्यासाठी लढले’. बँड वाजला, लेकरांनी झेंडे हलवले. बाई घडीच्या खुर्चीवर मागे बसल्या. आमच्याभोवती दहा-बारा फुटांची जागा रिकामी होती. या वेळी मी खुर्चीच्या दांड्याला हात लावून उभी राहिले. पोलिसाला खास बोलावलेलं दिसत होतं. तो आमच्याकडे बघत लिंबू सरबत पीत होता.

क्लेटननं वाचायला घेतलं. जॉर्ज आल्ब्रेख्ट. हजर. हेन्री बेअर. हजर.

"ख्रिश्चन ईबी."

शेरीनं तोंड उघडलं. क्लेटननं तिच्याकडे न बघता हात वर केला. ती थांबली. बाईही थांबल्या. सगळं गाव बाईंकडे बघत होतं, त्यांनी बोलावं म्हणून.

"गैरहजर," क्लेटन म्हणाला.

त्याचा आवाज वर गेला नाही. वाचतानाचाच आवाज होता. मग त्यानं कोटाच्या खिशातून चष्म्याचा रुमाल काढला, काचा पुसल्या, आणि पुढचं नाव वाचलं. पुढचं नाव खऱ्या सैनिकाचं होतं. त्याला ‘हजर’ म्हणायला लोक विसरले. बाई एकट्याच म्हणाल्या.

"पीटर गेहमन."

"हजर," गेहमनांचं सगळं घर म्हणालं. कचकचून.

"गैरहजर," बाई म्हणाल्या.

क्लेटन थांबला नाही. उरलेल्या सात नावांनाही तसंच झालं. एका बाजूनं हजर, दुसऱ्या बाजूनं गैरहजर, आणि मधोमध क्लेटन नावं वाचत राहिला. पोलिसानं सरबताचा पेला संपवला. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर क्लेटन आमच्याकडे आला. लोक वाट सोडून उभे होते. मार्लीन काही पावलांवर होती, फुलांची चक्रं आवरत. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"मी माझ्या एकाचंच बोलू शकतो," क्लेटन म्हणाला. "बाकीचे आठ माझे नाहीत. त्यांच्यासाठी मी भांडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"मी सांगितलंय कुठे भांडायला? मी भांडतेय ना."

"आभार वगैरे मानायची तुमच्यात पद्धत नाही का?"

"कशाबद्दल? खरं बोललास. ते कुणीही करावं."

क्लेटननं मान हलवली. त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, हसू असेल किंवा नसेल. "ही पुढच्या वर्षीही येणार, याची बाकीच्यांना अजून कल्पना नाही," तो मला म्हणाला आणि शेरीचा दंड धरून निघून गेला.

माणसं पांगली. मला वाटलं, आता घरी जायचं. मी खुर्ची मिटायला वाकले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. स्वतः उठल्या, खुर्ची ओढत गवतावरून मार्लीनजवळ नेली आणि तिच्यासमोर मांडली.

"मार्लीन, तुमच्या पीटरचं काय काय उचलून नेलं होतं, माहीत आहे का तुला?"

मार्लीननं पाठ फिरवली आणि चक्रांच्या तारा सोडवू लागली. फुलं भरपूर होती, काम बरंच होतं.

बाई खुर्चीत बसल्या, तिच्या पाठीकडे तोंड करून.

"सावकाश होऊ दे तुझं," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."